जुन्या शिडाच्या होडीत सामानाचा कप्पा करायचा आहे: कुठे आणि कसा?

ओली_दोरी (धागाकर्ता)

माझी होडी साडेचार मीटरची, फायबरची, १९७० च्या दशकात बांधलेली. मोठं शीड आणि पुढे जिब (छोटं तिकोनी शीड), सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी फळी) वर उचलता येतो. सहा वर्षं मी तिच्यावर आहे आणि वाऱ्यात ती फार शहाण्यासारखी वागते. अडचण सामानाची आहे. नांगर, त्याची साखळी आणि दोर, पाणी उपसायचं भांडं, प्रथमोपचाराची पेटी, सुके कपडे, पिण्याचं पाणी, सगळं तळाशी पडलेलं असतं. गेल्या खेपेला वळताना होडी कलली, नांगराचा दोर घरंगळत आला आणि जिब ओढणाऱ्या माझ्या मुलीच्या पायात अडकला. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मनातून जात नाही.

दोन्ही बाजूंना बसायचे बाक आहेत, आतून पोकळ आणि बंद. पुढच्या डेकखाली मोकळी जागा आहे, मागून उघडी. तीन पर्याय सुचतात. बाकाला भोक पाडून गोल फिरकीचं झाकण बसवायचं, पुढच्या डेकखाली आडवी भिंत घालून दार करायचं, किंवा मागे ट्रान्समला (होडीच्या मागच्या सपाट फळीला) लागून पेटी बांधायची. पहिला सगळ्यात सोपा वाटतो, एका दुपारचं काम. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगावं.

सुकाणू

करवत हातात घ्यायच्या आधी थांबा. ते बाक सामानाची राहून गेलेली जागा नाहीत. त्या हवेच्या टाक्या आहेत आणि होडी उलटली तर तिला वर धरणारं दुसरं काही तुमच्याकडे नाही. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी लाकूड तरंगतं. फायबर पाण्यापेक्षा जड, त्याची होडी हवा गेली की सरळ तळाशी जाते.

हिशेब सोपा आहे. एक लिटर बंद हवा साधारण एक किलो उचलते, खाऱ्या पाण्यात किंचित जास्त. बाकाची लांबी, रुंदी, उंची मोजून इथे टाका.

ओली_दोरी

मोजलं. लांबी १८० सेंमी, रुंदी ३५, उंची २८. सरळ खोकं असतं तर १७६ लिटर झालं असतं, पण खालून होडीची गोलाई आत येते. तिसरा हिस्सा वजा करून एका बाकाचे साधारण ११५ लिटर धरतो, दोन्हींचे २३०. होडी सगळ्या साजासकट १६० किलोच्या आसपास. म्हणजे बुडत तर नाही ना?

सुकाणू

बुडणार नाही. पण प्रश्न तेवढाच नसतो. सेंटरबोर्डच्या पेटीची वरची फट तुम्ही पाहिली असेल. उलटलेली होडी सरळ केली, आत पाणी भरलेलं आहे, आणि ती इतकी खाली बसलीय की ती फट बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, तर तुम्ही जेवढं उपसाल तेवढं फटीतून परत आत येईल. दोन माणसं जीव तोडून उपसत राहतात आणि पातळी हलत नाही. त्यामुळे नुसतं तरंगून भागत नाही, उपसता येईल इतकं वर तरंगावं लागतं.

त्यात तुमचे २३० लिटर सगळे बाजूंना आहेत, पुढे काहीच नाही. भरलेली होडी नाक खाली घालत असणार. आणि एका बाकाचं झाकण गळलं तर ती एका कुशीवर झोपेल, मग तिला सरळ ठेवणंच अवघड. बाकाला हात लावू नका. फक्त एक करा. दोन्ही बाकांना पाणी काढायची बुचं असतील, ती काढून मागची बाजू खाली करा आणि काय बाहेर येतं ते बघा.

ओली_दोरी

डाव्या बाकातून काही नाही. उजव्यातून जवळपास सहा लिटर पाणी आलं. सहा वर्षं मी ह्या होडीत मुलीला घेऊन जातोय आणि ते बूच कधी उघडलं नव्हतं.

फायबरवाला

बरं झालं कळलं. बहुतेक आडवी बैठक जिथे बाकाला जोडली आहे त्या कोपऱ्यात केसासारखी चीर असेल. जुन्या होड्यांत जोड तिथेच सुटतात, कारण तिथे सगळा पीळ येतो. आधी ती बुजवा, कप्प्याचं नंतर.

कप्प्यासाठी माझं मत पुढच्या डेकखाली. आत्ता ती जागा उघडी आहे, उलटल्यावर तिथे पाणीच भरतं. आडवी भिंत घालून दार पाणीबंद केलं तर सामानाला जागा होते आणि वर नाकाला हवा मिळते. बाक फोडून तुम्ही हवा गमावता, इथे कमावता. ही कल्पना काही नवी नाही. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेल्या वेफेररमध्ये, साधारण ४.८ मीटरच्या उघड्या होडीत, पुढे आणि मागे असे दोन बंद कप्पे आहेत, जे सामानही घेतात आणि होडीला तरंगतंही ठेवतात. फ्रँक डाय यांनी १९६३ मध्ये तशाच होडीतून स्कॉटलंडहून आइसलंड गाठलं. तुम्हाला आइसलंडला जायचं नाही हे मान्य, पण रचना पारखलेली आहे.

मागची पेटी नको. सुकाणू धरणारा आधीच मागे बसतो. तिथे आणखी वजन गेलं की ट्रान्सम पाण्यात बुडतो आणि होडी पाणी ओढत चालते.

उधाण

माझं मत वेगळं आहे. जुन्या होडीला पाडलेलं प्रत्येक भोक आणि बसवलेला प्रत्येक तुकडा ही पाण्याला दाखवलेली नवी वाट असते. गुंडाळून बंद होणाऱ्या दोन पाणीबंद पिशव्या घ्या, पुढच्या डेकखाली दोन जागी घट्ट बांधा, त्यांच्यापुढे नाळेच्या, म्हणजे होडीच्या नाकाच्या, टोकात एक फुगवायची हवेची पिशवी. एका तासाचं काम, परत काढताही येतं. मी नऊ वर्षं असंच करतो. फक्त बांधायच्या कड्या मजबूत हव्यात. शंभर लिटरची पिशवी पाण्याखाली शंभर किलोने वर ओढते, चार छोट्या स्क्रूंवर ती राहत नाही.

ओली_दोरी

कपड्यांना, पेटीला पिशवी चालेल. पण चिखलाने भरलेली ओली साखळी पिशवीत कशी घालू? मला मुळात नांगराचाच बंदोबस्त हवा आहे. तरी तुमचं म्हणणं मनात ठेवतो.

वाऱ्यावर

नांगराबद्दल एक. कप्पा पुढे केला म्हणून नांगर पार नाळेच्या टोकात कोंबू नका. टोकाला वजन गेलं की होडी प्रत्येक लाटेत डोकं आपटते आणि उचलायला वेळ लावते. वजन डोलकाठीजवळ आणि तळाशी. टोकातली निमुळती जागा तशीही हाताला येत नाही, तिथे बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम भरा. कधी दार उघडं राहिलं तरी तेवढा फोम तुमच्या बाजूने असेल.

फोम नीट निवडा. पांढरा थर्माकोल पॉलिएस्टर रेझिन लागलं की विरघळतो, इपॉक्सीने नाही विरघळत. ओतून फुगणारा फोम टाळा. वर्षानुवर्षं ओलाव्यात तो पाणी पितो आणि मग ते बाहेर काढायची सोय नसते. पॉलिइथिलीनच्या लाद्या कापून, बाहेर काढता येतील अशा बसवा.

ओली_दोरी

ठरलं, पुढेच करतो. एक शंका. कप्प्यात सामान भरलं की तेवढी हवा कमी होणार. मग तरंगण्याची ताकदही कमी होईल ना?

सुकाणू

नाही. कप्पा पाणीबंद आहे तोवर तो बाहेरचं किती पाणी सारतो एवढंच मोजायचं. आत कपडे आहेत की हवा, पाण्याला कळत नाही. सामानाचं वजन तेवढं वजा करायचं. ११० लिटरच्या कप्प्यात १५ किलो सामान असेल तर ९५ किलो उचल उरते. पण दार गळलं तर हा सगळा हिशेब एका मिनिटात जातो, म्हणून दारावर खर्च करा, भिंतीवर नाही.

लाकूडकाम

भिंतीचा साचा आधी पुठ्ठ्याचा. होडीच्या आतली गोलाई एका पुठ्ठ्यात पकडायला जाऊ नका, हात फिरतोच. मधोमध एक ढोबळ तुकडा उभा करा आणि त्याच्या कडेला बोटभर रुंदीच्या पट्ट्या गरम गोंदाने एकेक चिकटवत जा, प्रत्येक पट्टीचं टोक फायबरला टेकेल अशी. सगळीकडे टेकल्या की ते पूर्ण जाळं उचलून प्लायवर ठेवा आणि टोकं जोडून रेघ मारा. डेकची उतरण वर आणि गोलाई खाली वेगळी असते, म्हणून कडेला किती कोन लागतो तेही चार जागी लिहून ठेवा.

प्लाय मरीन घ्या, बीएस १०८८ शिक्क्याचा. साध्या प्लायमध्ये वरचा थर देखणा आणि आतल्या थरांत पोकळ्या असतात, पाणी त्या पोकळ्यांतून चालत जातं. तुमच्या मापाला ९ मिमी पुरे, ६ मिमी दाराच्या कटावाजवळ लवेल. दाराचं भोक बसवायच्या आधीच कापा, कोपरे गोल ठेवा. कापलेल्या कडा उघड्या नळ्यांसारख्या पाणी शोषतात. तिथे पातळ इपॉक्सीचे तीन हात, पिणं थांबेपर्यंत.

आणि भिंत फायबरला टेकवायची नाही. ५-६ मिमी कमी कापा आणि फटीत मऊ फोमची पट्टी ठेवा. फायबरची पातळ कातडी लाटेत थोडी आतबाहेर होते. कडक प्लायची धार तिला टेकली तर तेवढ्याच रेषेवर ती वाकत राहते. काही हंगामांनी बाहेरच्या रंगावर तीच रेष चीर होऊन दिसते.

फायबरवाला

लाकूडकाम यांनी शेवटी सांगितलेलं अनेक जण सोडतात, तुम्ही सोडू नका.

आता चिकटवण्याचं. रेझिन इपॉक्सीच वापरा. ओल्या पॉलिएस्टरवर पॉलिएस्टर छान धरतं, पण पन्नास वर्षं वाळलेल्या फायबरवर त्याचा जोड कमकुवत राहतो. जिथे पट्टी बसणार तिथला रंग आणि जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) दोन्ही काढून आतल्या काचेच्या धाग्यांपर्यंत जा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी साबणपाण्याने धुवा, मग ॲसिटोनने पुसा, मग ६० किंवा ८० नंबरचा पेपर मारा. उलट केलंत तर वरचं मेण आणि तेल घासून आत भरलं जातं, मग वरून कितीही पुसा.

भिंत जागेवर टेकवून दोन-तीन ठिकाणी घट्ट इपॉक्सीचे ठिपके द्या आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात गोलाई भरा. इपॉक्सीत सिलिका मिसळून लोण्याइतकं घट्ट करायचं आणि दहा-बारा मिमी त्रिज्येच्या पट्टीने ओढायचं. ही गोलाई शोभेसाठी नाही. काचेचं कापड काटकोनात वळत नाही, कोपऱ्यात हवेची नळी सोडतं आणि जोड तिथूनच उलतो. गोलाई चिकट असतानाच तिरप्या विणीच्या कापडाच्या पट्ट्या लावा, एक ७५ मिमी, तिच्यावर १०० मिमी, म्हणजे कडा एकावर एक येत नाहीत. भिंतीच्या दोन्ही बाजूंना. तुटक धाग्यांची साधी मॅट नको. तिचे धागे धरून ठेवणारं चिकटवण बहुतेक मॅटमध्ये पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतं, इपॉक्सीने विरघळत नाही, त्यामुळे मॅट नीट भिजतही नाही आणि वळतही नाही.

थोडं थोडं मिसळा आणि लगेच पसरट थाळीत ओता. खोल डब्यात ठेवलेलं इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापतं, धुरावतं आणि डब्यातच दगड होतं. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, प्रमाण चुकलं तर कायम चिकट राहतं. वाळल्यावर वर मेणचट थर आला तर तो साध्या पाण्याने आणि खरखरीत कापडाने धुवा, घासून काढायला जाऊ नका.

नायट्राइलचे हातमोजे आणि धुळीचा चांगला मास्क, पूर्ण वेळ. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की जन्मभर राहते. माझ्या ओळखीत एकाने मोजे न घालता तीन हंगाम काम केलं, आता उघड्या डब्याजवळ उभं राहिलं तरी त्याची मनगटं फुलतात. होड्या बांधणं त्याचं जगणं होतं.

वाऱ्यावर

दारासाठी फिरकीचं गोल झाकण घेणार असाल तर मोठ्यात मोठं घ्या, नांगर तिरका करून आत जातो का ते पुठ्ठ्यावर आधी बघा. चौकोनी दार सोयीचं, पण त्याला चारही बाजूंना सारखा दाब हवा. दोन कड्यांनी मधला भाग दबतो आणि कोपरे सुटतात. माझ्या दाराला सहा आहेत. दार होडीला दोरीने बांधलेलं असू द्या, नाहीतर उलटल्यावर पहिलं तेच वाहून जातं.

पेट्रोल किंवा गॅसची कुपी त्या कप्प्यात कधीच ठेवू नका. दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड, बंद कप्प्याच्या तळाशी साचून राहते.

ओली_दोरी

सात आठवड्यांनी लिहितोय. काम झालं, ठरवलं होतं त्याच्या दुप्पट वेळ लागला.

आधी उजवा बाक. चीर बैठकीच्या जोडातच निघाली, फायबरवाला यांनी सांगितली तिथेच. कोपरा घासून पट्ट्या मारल्या. पुढच्या डेकवर दाराच्या चौकटीसाठी वरून बोल्ट घ्यायचे होते, म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं. बहुतेक जागी टणक आवाज, डोलकाठीच्या उजवीकडे तळहाताएवढ्या भागात मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा. भोक पाडलं तर आतला बाल्सा (डेकच्या दोन थरांमधलं हलकं लाकूड) काळा आणि ओला. जुन्या मालकाने तिथे एक कडी बसवली होती, नुसती लाकडात स्क्रू घालून. तेवढा वरचा पापुद्रा कापून काढला, सडकं लाकूड खरवडलं, पंधरा दिवस वाळू दिलं, नवा बाल्सा घालून परत बंद केलं. आता नवीन बोल्टच्या प्रत्येक भोकाभोवतीचा बाल्सा बोटभर आतपर्यंत कोरला, तिथे घट्ट इपॉक्सी भरलं आणि त्या इपॉक्सीत भोक घेतलं. पाणी बोल्टवरून आलं तरी लाकडाला भेटणार नाही.

भिंत तिसऱ्या प्रयत्नात बसली. पहिला साचा मी पट्ट्या न लावता काढला होता, तो वाया गेला. कप्पा साधारण ११० लिटरचा, टोकात ३० लिटर फोम. नांगर भिंतीला लागून, डोलकाठीच्या पायाशी, दोन लाकडी खाचांत आडवा बसतो आणि वरून पट्टा येतो.

आता गळती तपासायची आहे. सायकलच्या पंपाने हवा भरून साबणाचं पाणी लावू का?

सुकाणू

पंप अजिबात नको! तुमची भिंत मोजा. ०.३ चौरस मीटर असेल तर ०.१ बारचा दाब म्हणजे तिच्यावर ३०० किलोचा रेटा. पंपाच्या चार दट्ट्यांत सगळे नवे जोड सुटतील. बुचाच्या भोकात रबरी नळी घालून तोंडाने हलकंसं फुंका, एवढंच, आणि कुणीतरी ब्रशने फेस लावत जाऊ दे. बुडबुडा दिसायला अगदी थोडा दाब पुरतो.

ह्याच कारणाने बंद कप्प्याला श्वास लागतो. किनाऱ्यावर उन्हात २० अंशांवरून ५० अंशांवर गेली तर आतली हवा तेवढाच, ०.१ बार, दाब देते. भिंतीत वरच्या बाजूला, मधोमध, २ मिमीचं एक भोक ठेवा. होडी उलटली तरी त्यातून तेवढ्या वेळात येणारं पाणी मोजण्यासारखं नाही. आणि होडी उभी असताना दार नेहमी उघडं ठेवा, नाहीतर आत घाम धरतो.

ओली_दोरी

फुंकून पाहिलं. दाराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बुडबुडे. रबरी पट्टीचा जोड मी बरोबर कोपऱ्यात घेतला होता. पट्टी बदलली, जोड वरच्या बाजूला मधोमध नेला, आता कोरडं. दोन मिमीचं भोकही घेतलं.

रंगाचं विचारायचं होतं. भिंतीवर होडीसारखाच जेलकोट मारला तर एकसारखं दिसेल का?

फायबरवाला

इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट भरवशाने वाळत नाही, चिकट राहतो. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग घ्या. पण काहीतरी माराच, उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून खडूसारखं झडतं.

उधाण

अभिनंदन. एवढं नीट काम पाहून मी माझं आधीचं म्हणणं निदान तुमच्या होडीपुरतं मागे घेतो. पाण्यात भरून पाहिलीत का? ती चाचणी झाल्याशिवाय मुलीला नेऊ नका.

ओली_दोरी

काल केली. कमरेएवढं शांत पाणी, चार माणसं, कप्प्यात ठरलेलं सगळं सामान. होडी आडवी केली, शीड पाण्यावर टेकवलं, पाच मिनिटं तशीच ठेवली, मग सरळ करून काठोकाठ भरली. काम सुरू करण्याआधीही एकदा अशीच भरून पाहिली होती, तेव्हा नाक बुडालं होतं आणि सेंटरबोर्डची फट पाण्याखाली होती. काल ती सपाट तरंगली. माझी मुलगी आणि मी आत बसलो तरी फट पाण्याच्या वर चार बोटं राहिली, आणि दोघांनी मिळून पंचवीस मिनिटांत ती रिकामी केली. शेवटी दार उघडलं. तळाशी वाटीभर पाणी होतं, कपडे कोरडे, नांगर खाचेत जिथल्या तिथे. वाटीभर पाणी त्या २ मिमीच्या भोकातून आलं की दारातून, ते पुढच्या खेपेला भोकावर चिकटपट्टी लावून बघतो आणि इथे लिहितो.